निळूरावांचा दिवाळसण

माझ्या बहिणीच्या लग्नाआधी वरपक्षाकडचं जे पहिलं माणूस आमच्या घरी राहायला आलं, ते मांजर होतं.

आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. आमचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. तेव्हापासून आमच्या मराठीत इतकं कन्नड मुरलंय की पुण्याच्या माणसाशी बोलायचं झालं तर आम्ही आधी मनातल्या मनात वाक्याला इस्त्री करून घेतो. त्यामुळे उमासाठी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीसाठी, लिमयांचं स्थळ आलं तेव्हा घरात सगळेच जरा जपून बोलायला लागले. लिमये नुकतेच पुण्याहून इंदिरानगरात आलेले. मुलगा अविनाश कॉम्प्युटरच्या कंपनीत.

उमा कॉलेजात शिकवायची आणि आलेलं प्रत्येक स्थळ नाकारायची. एकाचं हसणं आवडलं नाही, दुसरा मुळी हसलाच नाही. आई देव पाण्यात घालून बसलेली! अविनाश आला, कमी बोलला, पोहे संपवले आणि निघताना गडबडून स्वतःच्या एका चपलेबरोबर नानांची एक चप्पल घालून फाटकापर्यंत गेला. उमा खुदकन हसली. संध्याकाळी आईने भीतभीत विचारलं तर म्हणाली, "बघूया की." आमच्या उमाच्या तोंडून "बघूया की" म्हणजे अर्धी मंगलाष्टकं झाल्यासारखंच!

पण लिमयेकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. काकू मुद्दाम सांगायला आल्या.

"आमच्याकडून तसं पसंतीसारखंच आहे हो. पण ऑपरेशन पुण्यालाच करायचंय, दिवाळीही तिकडेच होईल, अविनाशही रजा घेऊन येतोय. संक्रांतीच्या आत परत येऊ, मग काय ते पक्कं सांगू. एकच प्रॉब्लेम आहे, निळूला कुठे ठेवायचं?"

"निळू म्हणजे धाकटे का?" आईने अदबीने विचारलं.

"धाकटाच म्हणा. मांजर आहे आमचं. सयामी."

या क्षणी घरातल्या एका माणसाने गप्प बसायला हवं होतं. तो माणूस मी. "त्यात काय काकू, आम्ही सांभाळू की!" मी म्हणालो. (मी जन्मात मांजर सांभाळलं नव्हतं. एकदा ऑफिसातल्या सहकाऱ्याची तुळस आठवडाभर सांभाळली होती. त्याने नंतर माझ्याशी बोलणं सोडलं.)

निळू वेताच्या पेटीतून आला. आखूड, तुळतुळीत केस, अंग सायीच्या रंगाचं. तोंड, कान, पाय आणि शेपूट मात्र काळपट तपकिरी. डोळे निळेशार आणि किंचित तिरळे, त्यामुळे तो एकाच वेळी तुमच्याकडे आणि तुमच्या मागच्या फडताळाकडे बघतोय असं वाटायचं.

"सयामी म्हणजे जुळं असतं ना?" नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पेटीत डोकावून विचारलं. "दुसरं कुठाय?"

काकूंनी ते ऐकलं नसावं. त्या सूचना देत होत्या. "याला एकटं ठेवायचं नाही. हा बोलतो, तर उत्तर द्यायचं, नाहीतर रुसतो. थंडी सोसत नाही, आखूड केस ना! आणि खायला उकडलेला मासा, काटे काढून."

मासा! आमच्या घरात अंड्याचा विषयसुद्धा दार लावून निघायचा. आईचा चेहरा पांढराफटक पडला, पण मुलीच्या आईला चेहरा नसतो. "सरी, करूया की," ती म्हणाली, आणि 'बरं'च्या जागी कन्नड 'सरी' गेल्याचं, इस्त्री विसरल्याचं लक्षात येऊन जीभ चावली.

लिमये गेले आणि निळूने तोंड उघडलं. हे मांजर 'म्याऊ' म्हणत नाही. पाळण्यातल्या तान्ह्या मुलाला चिमटा काढला तर जे काय निघेल, ते हे मांजर चढत्या पट्टीत काढतं. पंधरा मिनिटांत शेजारच्या सरस्वतम्मा भिंतीवरून डोकावल्या. "मगू यारदु री?" म्हणजे, बाळ कुणाचं हो?

लग्नाच्या मुलीच्या घरातून तान्ह्या मुलाचं रडणं! आईच्या पायाखालची जमीनच सरकली. तिने तडक निळूला काखोटीला मारलं आणि गल्लीतल्या दारोदार जाऊन दाखवून आली. "हे बघा, मांजर आहे. मांजर! बघा, शेपूट आहे." निळूही प्रत्येक दारात साक्ष द्यावी तसा ओरडला. परत आल्यावर आई म्हणाली, "बिचारे फार दमले."

आम्ही चमकून पाहिलं. "बिचारे?"

"वरपक्षाकडचे आहेत. अरे-तुरे कसं करणार?"

त्या दिवसापासून निळूचे निळूराव झाले. "निळूराव उठले का? निळूरावांचं ताट वाढा." आईने पहिल्या दिवशी चांदीच्या वाटीत दहीभात वाढला. निळूरावांनी वाटीचा वास घेतला, आईकडे पाहिलं, नानांच्या पंख्याखालच्या जागेवर जाऊन बसले आणि एक लांबलचक भाषण केलं. त्यात दहीभाताबद्दल एकही चांगला शब्द नसावा.

तेव्हा मासा आणणं, मागच्या अंगणात रॉकेलच्या स्टोव्हवर उकडणं आणि काटे काढणं माझ्याकडे आलं. ("तूच म्हणालास ना, सांभाळू की?") पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधून, डोळे मिटून काटे शोधत होतो. निळूराव माझ्या खांद्यावर चढून, कानात ओरडून सूचना देत होते. आठवड्यानंतर रुमाल सुटला, आणि मी "थांबा हो, देतो" असं त्यांना उलट उत्तर द्यायलाही लागलो. मी ऑफिसातून आलो की स्वारी फाटकाच्या खांबावर. उशीर झाला तर संपूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशी हजेरी! न्हाणीघराचं दार लावलं तर बाहेर उभं राहून हंबरडा. कडी नसलेलं प्रत्येक कपाट पंजाने उघडून आतलं सामान तपासायचं. आम्ही त्यांना सांभाळतोय की ते आमची चौकशी करायला आलेत, हे कळेनासं झालं.

इथवर ठीक होतं. मग दिवाळी आली.

"निळूरावांच्या अभ्यंगाचं काय?" आईने आदल्या दिवशी विचारलं.

"आई, ते मांजर आहे," उमा म्हणाली.

"वरपक्षाकडचं माणूस दिवाळीला घरात, आणि डोक्याला तेल नाही? पुण्यात कळलं तर काय म्हणतील? यांच्याकडे रीतभात नाही म्हणतील!"

"पुण्यात कोण सांगणार?"

"तो बोलतो!" नाना म्हणाले.

आता कुठलं तेल, यावर घरात चर्चा झाली. नानांच्या मते एरंडेल. आमच्याकडे इकडच्या रीतीप्रमाणे डोक्याला एरंडेलच घालतात. थंड असतं, डोळ्यांना बरं. "डोळे आधीच तिरळे आहेत, स्वल्प जास्तच घालूया," नाना म्हणाले. पहाटे पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मी निळूरावांना धरून बसलो, आईने ओवाळलं आणि कोमट एरंडेलाची वाटी त्यांच्या पाठीवर रिकामी केली.

त्याच वेळी शेजारच्या सरस्वतम्मांच्या नातवंडांनी लक्ष्मीबाँब लावला.

तेलकट मांजर हातात राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. निळूराव पाटावरून रांगोळीत, रांगोळीतून नानांच्या नव्या धोतरावर, तिथून फराळाच्या टेबलावर, चकल्यांवरून शंकरपाळ्यांत आणि शेवटी, कपाट उघडता येत असल्यामुळे, आईच्या रेशमी साड्यांमध्ये! आम्ही सगळे मागे. तेलावरून नाना घसरले, नानांवरून मी घसरलो. साड्यांच्या कप्प्यातून त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते रांगोळी, तेल आणि चकलीचा चुरा अशा तिहेरी पोशाखात होते. शिकेकाई लावायचा प्रयत्न केला. त्याने तेल गेलं नाही, उलट सगळ्याचा मिळून लगदा झाला.

मग निळूरावांनी स्वतःच स्वच्छता हाती घेतली. मांजर अंग चाटून साफ करतं. आणि एरंडेल पोटात गेलं की काय होतं, हे काय सांगायला हवं? निळूरावांना कळायच्या आत ते आम्हाला कळलं. त्या दिवशी आम्ही फराळ अंगणात उभ्याउभ्याने केला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पेटीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि बराच वेळ आत पाहिलं. "येन्री इदु? हे काय हो? मांजर आणलंय, का तळायला घेतलेलं भजं?" (हे ते कन्नडमध्ये म्हणाले, आणि कन्नडमध्ये ते जास्त लागतं.)

"दिवाळी होती," मी म्हणालो.

त्यांनी पोटाचं औषध दिलं आणि लगदा झालेले केस मशीनने उतरवले. मानेपासून शेपटीपर्यंत, पूर्ण पाठ. पुढून पाहिलं तर राजबिंडे निळूराव, वरून पाहिलं तर मुंज झालेले!

"येतात परत केस," डॉक्टर म्हणाले. संक्रांतीला अजून अवकाश होता. आम्ही निश्चिंत झालो.

आणि केस आलेही. आखूड, दाट, चमकदार. फक्त ते सायीच्या रंगाचे नव्हते. कॉफीच्या फिल्टरमधल्या पहिल्या डिकॉक्शनसारखे काळे तपकिरी होते! रोज सकाळी पाहावं तर आदल्या दिवसापेक्षा गडद. पांढऱ्या मांजराच्या पाठीवर कुणी घोंगडी टाकावी तसं दिसायला लागलं.

"फटाक्यांचा धूर बसला," नाना म्हणाले.

"एरंडेल मुळात उतरलं," आई म्हणाली.

माझं मत असं पडलं की डॉक्टरांकडे मांजर बदललं गेलं. मग निळूरावांनी माझ्या कानात तोंड घालून एक हाक मारली आणि मी मत मागे घेतलं.

आईने बेसन, साय आणि हळदीचं उटणं काढलं. मुलगी बघायला कुणी यायचं असलं की ती हे उमाला लावायची. उमाचा रंग त्याने कधी तसूभर बदलला नव्हता, पण आईची श्रद्धा अढळ. निळूरावांची पाठ दोन दिवस पिवळी झाली आणि मग पुन्हा काळी. त्यात पुण्याहून काकूंचा फोन आला!

"निळू कसा आहे?"

मी रिसीव्हर घट्ट धरला. "मजेत! तब्येत छान. रंग तर... रंग फारच खुललाय!"

"अय्या, हो? जरा आवाज ऐकवा ना त्याचा."

निळूरावांनी रिसीव्हरमध्ये सविस्तर निवेदन दिलं. शब्दाशब्दाला एरंडेल असणार, याची मला खात्री होती.

त्या संध्याकाळी उमा मागच्या पायरीवर निळूरावांना मांडीवर घेऊन बसली होती. मी काटे काढत होतो. ती एकदम म्हणाली, "अण्णा, त्यांनी नाही म्हटलं तर?"

"मांजरासाठी कोण नाही म्हणतंय?"

"काकूंचा जीव आहे रे याच्यावर. आणि मला..." ती थांबली. "मला चालेल तो. चपलेवाला."

उमाने आजवर कुणाबद्दल एवढं म्हटलं नव्हतं. बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी एका "सांभाळू की"ने घालवतोय, असं वाटून मला मासासुद्धा दिसेना. (तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. कांदा नव्हता, आमच्याकडे माशाला कांदा घालत नाहीत.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर. त्यांनी पाठ पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "अहो, ही या जातीची गंमतच आहे. अंग गरम असतं तिथे केस फिके, गार असतं तिथे गडद. म्हणून कान, पाय, शेपूट काळी. तुम्ही पाठ उघडी केली, वर ही डिसेंबरची थंडी. गार पाठीवर केस काळेच येणार!"

"मग आता?"

"गरम ठेवा. पुढच्या वेळी केस गळून नवे येतील ते फिके येतील. स्वल्प महिने लागतील."

महिने! आमच्याकडे दिवस उरले होते. पण 'गरम ठेवा' एवढं आईने पक्कं धरलं. भावी जावयाच्या स्वेटरसाठी तिने मरून लोकर आणून ठेवली होती. बसल्या बैठकीला तिने निळूरावांचा स्वेटर विणला, चार बाह्यांचा, शेपटीला वाट ठेवून. स्वेटर घातला की निळूराव जागच्या जागी आडवे पडायचे. उभं करा, पुन्हा आडवे. उचलून अंगणात ठेवा, अंगणात आडवे. शेवटी मी त्यांना रबरी गरम पिशवीसकट बगलेत धरून घरभर फिरायचो, आणि नाना त्यांच्या कानावर आपली माकडटोपी ओढून म्हणायचे, "सोसा हो, थोडे दिवस."

पाठीवर काही फरक पडला नाही. आणि लिमये ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच परत आले! स्टेशनवरूनच फोन. "सामान घरी टाकतो आणि निळूला न्यायला येतो. उमाशीही बोलायचंय."

घरात धावपळ उडाली. "मी त्यांना सरळ खरं सांगते," उमा म्हणाली.

"खुळी की काय!" मी म्हणालो. "एकदा घरी नेला की बघतील सावकाश. आज नुसतं वरवर दिसायला हवं." आणि मी टाल्कम पावडरचा नवा डबा उघडला. डबा संपला, पण पाठ पांढरी झाली. लांबून, पडदे ओढून, थोडं डोळे बारीक करून पाहिलं तर निळूराव अगदी पूर्वीसारखे दिसत होते.

लिमये आले. काकूंनी गडद जांभळी रेशमी साडी नेसली होती. मी पडदे आधीच ओढले होते. ("काकांच्या डोळ्यांना उजेड नको.") काकूंनी दारातूनच हाक मारली, "निळोबा!"

त्या बसतात न बसतात तोच निळूराव आतल्या खोलीतून सुसाट आले आणि थेट काकूंच्या मांडीत. काकूंनी प्रेमाने पाठीवर थाप मारली.

खोलीत ढग उठला. निळूराव शिंकले, काकू शिंकल्या, अविनाश शिंकला. ढग खाली बसला तेव्हा जांभळ्या साडीवर पांढरे पंजे उमटले होते, आणि मांडीवर काळ्या पाठीचं मांजर.

"हा... पावडर लावतो?" काकूंनी विचारलं.

मी "गुलाबाची आहे" असं काहीतरी म्हणालो. मग उमा उठली, पडदा बाजूला केला आणि अभ्यंगापासून पावडरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. आईने जीभ चावली, नानांनी छताकडे पाहिलं. मी स्वेटर पाठीमागे लपवला.

काकू ऐकत होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत, असं मला वाटलं. त्या हसत होत्या! हसता हसता पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, पुण्याला असताना मागे याला गळू झालं होतं. डॉक्टरांनी केस काढले, तिथे काळा डाग आला. मला वाटलं शाई! धुण्याच्या साबणाने घासला हो मी याला. आठवडाभर!"

"मी सांगत होतो तिला," काका डोळ्यावरची पट्टी सावरत म्हणाले. "ऐकेल तर शप्पथ."

"तुम्ही ब्लीचिंग पावडर आणायला निघाला होतात!" काकूंनी त्यांना सुनावलं आणि आईकडे वळल्या. "वरपक्ष म्हणून मांजराला अभ्यंग घालणारी माणसं मला दुसरीकडे मिळणार नाहीत. आमच्याकडून नक्की. उमा, तुझं काय?"

उमाने अविनाशकडे पाहिलं. अविनाश माझ्या पाठीमागे पाहत होता. "तो स्वेटर कुणाचा?"

"तुमचाच होता," उमा म्हणाली. "थोडा आटलाय."

लग्न ठरलं. आई देव्हाऱ्यापुढे जाऊन एवढी रडली की सरस्वतम्मा पुन्हा भिंतीवरून डोकावल्या. निळूराव पेटीत बसून घरी गेले, आणि मी त्या दिवशी मोठ्या समाधानाने, मासा न उकडता जेवायला बसलो. घर फारच शांत होतं. जेवण काही फारसं गेलं नाही.

चौथ्या दिवशी अविनाश दारात, हातात पेटी. "हा काही खातच नाही. नुसता ओरडतो. आईने उमाचं नाव घेऊन पाहिलं, काही नाही. तुमचं नाव घेतल्याबरोबर दाराशी जाऊन बसला. सयामी एकदा एका माणसाला धरलं की सोडत नाही, असं आई म्हणते. तुम्हीच ठेवून घ्या आता."

उमा सुखात आहे. आता नातेवाईक मला गाठून विचारतात, "तिचं झालं, तुझं कधी?" मी त्यांना सांगतो, आमच्याकडे लिमयांशी रीतसर साटंलोटं झालंय. आमची मुलगी त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्याकडून माझ्या पदरात जे पडलं, ते रोज पहाटे माझ्या छातीवर बसून कानात ओरडतं, मी उशिरा आलो की गल्लीसमोर जाब विचारतं, आणि मी मुकाट्याने उठून त्याच्यासाठी काटे काढतो. लग्न झालेले मित्र म्हणतात, वेगळं काही नसतं.